मुक्कामी गाडी आणि बिनपगारी चालक

दिवसाची शेवटची एसटी ज्या गावी जाऊन विसावते, त्या गावात तिला ‘मुक्कामी गाडी’ म्हणतात. रात्री आठ-नऊच्या सुमारास ती धुरळा उडवीत येते, पारापाशी किंवा शाळेच्या पटांगणात वळून उभी राहते आणि पहाटे साडेपाच-सहाला त्याच प्रवाशांपैकी निम्म्यांना घेऊन तालुक्याकडे निघते. मधल्या आठ-नऊ तासांत चालक व वाहक त्या गावाचे पाहुणे असतात. कुठे देवळाच्या ओवरीत, कुठे ग्रामपंचायतीच्या खोलीत, तर कुठे गाडीतल्याच बाकांवर त्यांची पथारी पडते. एखाद्या घरून भाकरी-भाजी येते, पहाटे कुणी तरी आंघोळीला पाणी तापवून देते. ‘कंडक्टर मास्तर’ आणि ‘ड्रायव्हरदादा’ ही संबोधने कागदावरच्या हुद्द्यांतून आलेली नाहीत, ती या भाकरीतून आली आहेत.

मुक्कामी गाडीचे महत्त्व शहरवासीयाला चटकन उमगत नाही. शहरात बस चुकली तर दुसरी येते. आडगावी सकाळची पहिली गाडी चुकली तर दिवस चुकतो. मुलांची शाळा, मजुराचा रोज, दवाखान्यातली तपासणी, कोर्टातील तारीख, सारेच. गाडी रात्री गावात असली की सकाळची पहिली फेरी हमखास सुटते. ती रात्री आगाराला परतू लागली, की दुसऱ्या दिवशी पहाटे तिला तिथून रिकामे यावे लागते. असे मोकळे किलोमीटर कोणत्याच वाहतूक संस्थेला परवडत नाहीत, आणि मग कधी तरी ती फेरी ‘भारमान कमी’ या शेऱ्यानिशी बंद होते. म्हणजे दोन माणसांच्या निवाऱ्याची व जेवणाची सोय करून गाव आपली बस राखत असते. हा हिशेब महामंडळाच्या ताळेबंदात कुठेही दिसत नाही.

ग्रामीण शाखेत काम केलेल्या आमच्या कर्मचारी वाचकांना याची दुसरी बाजू ठाऊक असेल. सकाळी साडेदहापर्यंत शाखा ओस असते आणि अकराच्या सुमारास एकाएकी पैसे काढणाऱ्यांची रांग दारापर्यंत जाते. नवखा अधिकारी गोंधळतो, जुना शिपाई शांतपणे सांगतो, ‘साहेब, गाडी आली.’ दुपारी दीडला त्याच रांगेत चुळबुळ सुरू होते, कारण परतीची गाडी दोनची असते. निवृत्तिवेतन घ्यायला आलेल्या आजींना पासबुकातील नोंदीपेक्षा स्थानकावरील घोषणेची काळजी अधिक. शाखेची वेळ रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ठरते असे आपण मानतो, पण व्यवहाराची वेळ एसटीच ठरवते.

ही एसटी १ जून १९४८ रोजी सुरू झाली. पहिली गाडी अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, पुण्याला धावली. तेव्हाचे मुंबई राज्य गेले, १९६० मध्ये महाराष्ट्र आला आणि महामंडळाने ‘रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद आपलेसे केले. रस्ता नसेल तर एसटी नाही, हा त्या ब्रीदातला न बोललेला अर्थ गावांनी बरोबर ओळखला. कित्येक ठिकाणी लोकांनी श्रमदानाने मुरूम टाकला, ओढ्यावर फरशी घातली, वळणावरचा खडक फोडला आणि मग आगारात अर्ज नेऊन दिला. पहिल्या गाडीला नारळ फोडून, चालकाला फेटा बांधून मिरवणूक काढण्याची प्रथा त्यातून पडली. ज्या आईचा मुलगा तालुक्याला खोली करून शिकत होता, ती सकाळच्या गाडीत त्याचा डबा ठेवून देई. डब्यावर नाव असे, स्थानकावर मुलगा उभा असे आणि त्याचे शिक्षण त्या डब्यावर पार पडे.

भारमानाचा हिशेब

मग अशी गाडी तोट्यात का जाते? एक कल्पित उदाहरण घेऊ. वीस किलोमीटरच्या आडमार्गावर एका फेरीला आठ प्रवासी आहेत आणि प्रत्येकाचे सरासरी भाडे तीस रुपये आहे असे समजा. उत्पन्न झाले दोनशे चाळीस रुपये. मोठी बस एका लिटर डिझेलमध्ये साधारण साडेचार-पाच किलोमीटर चालते, म्हणजे चार-साडेचार लिटर डिझेल लागले. लिटरला नव्वद रुपये धरले तरी डिझेलचाच खर्च पावणेचारशेच्या घरात जातो. चालक-वाहकांचे वेतन, टायर, दुरुस्ती, विमा आणि घसारा यांची अजून सुरुवातही झालेली नाही. त्या आठांपैकी पाच जण विद्यार्थी पासवाले असतील, तर भाड्याचा एक तृतीयांशच भाग त्यांच्याकडून येणार.

आता त्याच मार्गावर सोळा आसनांची लहान गाडी धाववून पाहा. डिझेल निम्म्याहून कमी लागते आणि ते भाड्यातून निघतेही. पण चालकाचे वेतन तेवढेच राहते, कारण गाडी लहान झाली म्हणून माणसाचा तास लहान होत नाही. खर्चाच्या यादीत सर्वांत वर मग एकच रक्कम उरते, ती म्हणजे चालकाच्या वेळेची किंमत. ग्रामीण बससेवेचा सारा प्रश्न अखेर इथे येऊन थांबतो. हा तास कोणी द्यायचा? सरकारने, प्रवाशाने, की गावाने?

‘गावाने’ हे उत्तर काही देशांनी अगदी शब्दशः अमलात आणले आहे. तेथे गावकरीच पाळीपाळीने बस चालवतात आणि त्याबद्दल एक पैसाही घेत नाहीत.

खाली वळलेल्या वाटा

इंग्लंडच्या खेड्यांवर ही वेळ का आली, ते आधी पाहावे लागेल. १९६३ मध्ये डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शेकडो लहान स्थानके व शाखामार्ग बंद झाले. रेल्वेच्या जागी बस धावतील असे सांगण्यात आले होते. पण तोवर घरोघरी मोटारी येऊ लागल्या होत्या आणि बसचे प्रवासी आटत होते. सत्तरच्या दशकात कंपन्यांनी खेड्यांतील फेऱ्या एकामागून एक काढून घेतल्या. मागे राहिले ते मोटार नसलेले लोक. त्यांत वृद्ध होते, शाळकरी मुले होती, आणि ज्या घरातली एकुलती मोटार नवरा कामावर घेऊन जाई त्या घरांतील गृहिणी होत्या. देश श्रीमंत होता म्हणून त्यांची अडचण कमी नव्हती. उलट बहुतेकांकडे मोटार असल्यामुळे उरलेल्यांचा आवाज कोणाच्या कानी जात नव्हता.

सत्तरच्या दशकाच्या मध्याला नॉरफोक परगण्यात काही गावांनी स्वयंसेवक चालकांची बस चालवून पाहिली. बस कंपनीने लहान गाडी आणि प्रशिक्षण द्यावे, चालक गावांनी द्यावेत, अशी ती वाटणी होती. त्याच सुमारास, १९७६ मध्ये, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ईस्ट ससेक्समध्ये ककमियर नदीच्या खोऱ्यातही अशी सेवा सुरू झाली. ती आजही चालू आहे. त्या खोऱ्यात आल्फ्रिस्टन, बेरिकसारखी लहान गावे आहेत. तेथून बाजाराच्या गावांना व रेल्वेस्थानकांना जोडणाऱ्या या लहान बस स्वयंसेवक चालवतात, आणि सुटीच्या दिवसांत तेथील पांढऱ्या कड्यांकडे जाणाऱ्या भटक्यांनाही नेतात. पर्यटकांच्या भाड्याने गावकऱ्यांच्या फेरीला हातभार लागतो, ही त्यातली व्यवहारी गोम.

आपल्याकडे ‘स्वयंसेवा’ म्हटले की एखादे शिबिर, हारतुरे आणि एका दिवसाचा उत्साह डोळ्यांपुढे येतो. येथे तसे चालत नाही. बस म्हणजे वेळापत्रक. मंगळवारी सकाळी सव्वानऊला गाडी येणार असे फलकावर लिहिले की ती पावसात, थंडीत आणि चालकाच्या नातवाच्या वाढदिवशीही यावीच लागते. म्हणून अशा संस्थेत गाडी चालवणाऱ्यांइतकेच महत्त्व पाळ्या लावणाऱ्या माणसाचे असते. कोणाला कोणता वार जमतो, कोण आजारी आहे, कोणाच्या बदल्यात कोण येईल, ही जुळवाजुळव करणारा निवृत्त कारकून हा त्या सेवेचा खरा कणा. बँकेत ज्यांनी रजेच्या काळात शाखेची कामे वाटून दिली आहेत, त्यांना या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरा कणा म्हणजे खजिनदार. चालक फुकट मिळाला तरी गाडी फुकट मिळत नाही. ती दरवर्षी जुनी होते आणि काही वर्षांनी नवी घ्यावीच लागते. अशा संस्था बुडतात त्या बहुधा डिझेलच्या खर्चाने नव्हे, तर घसाऱ्याकडे दुर्लक्ष झाल्याने. रोजचे भाडे रोजच्या खर्चाला पुरते, सारे समाधानी असतात, आणि एके दिवशी इंजिन बसते. ज्यांनी पहिल्या वर्षापासून नव्या गाडीसाठी वेगळी ठेव राखली, परगणा परिषदेचे अनुदान आणि देणग्या वेळेवर मिळवल्या, त्यांच्या गाड्या टिकल्या. आमच्या मते हा भाग स्वयंसेवेच्या कौतुकापेक्षा अधिक अनुकरणीय आहे.

कायद्यानेही वाट करून दिली. ब्रिटनमध्ये १९७८ च्या वाहतूक कायद्याने सामुदायिक बसला मान्यता मिळाली आणि १९८५ च्या कायद्यातील बाविसाव्या कलमाने तिच्यासाठी स्वतंत्र परवाना आला. नफा न कमावणारी संस्था हवी, फेरीची रीतसर नोंदणी हवी आणि गाडी कोणाही प्रवाशाला खुली हवी. या अटी पाळल्या की तिकीट आकारता येते. ज्येष्ठांचे मोफत पासही या गाड्यांत चालतात आणि त्यांची भरपाई संस्थेला मिळते. २००८ मध्ये आणखी एक बदल होऊन अशा गाड्यांवर पगारी चालक ठेवण्याची मुभा मिळाली. केवळ स्वयंसेवकांवर सारी सेवा तोलणे जड जात होते, याचीच ती कबुली म्हणायची.

जड का जात होते, याचे एक कारण मोठे मजेशीर आहे. १ जानेवारी १९९७ पूर्वी ज्यांनी ब्रिटनमध्ये साध्या मोटारीचा परवाना घेतला, त्यांना लहान बस चालवण्याची मुभा आपोआप मिळत असे. त्यानंतरच्यांना ती तशी मिळत नाही. त्यांना बहुधा त्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. १९९६ च्या अखेरीस ज्याने सतराव्या वर्षी परवाना काढला, तोही आज पंचेचाळिशी ओलांडून गेला आहे. दुसऱ्या टोकाला, सत्तरी झाल्यावर ही मुभा टिकवायची तर वैद्यकीय तपासणीतून जावे लागते. खालून नवे येत नाहीत आणि वरून जुने निवृत्त होतात, अशी ही चालकांची फळी दोन्ही बाजूंनी आक्रसत आहे. परवान्याच्या नियमातील एका ओळीने खेड्यातील बसचे भवितव्य ठरावे, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

डच लोकांनी ही अडचण आधीच हेरली होती असे वाटते. नेदरलँड्समध्ये १९७७ पासून ‘ब्यूर्टबस’, म्हणजे शेजारबस, धावते. तिच्यात प्रवाशांच्या आसनांची संख्या आठच ठेवतात, कारण तेवढ्या गाडीला साधा मोटारीचा परवाना पुरतो. गाडी, इंधन आणि विमा नेहमीची वाहतूक कंपनी पाहते, पैसा प्रांताकडून येतो आणि गावची संघटना फक्त चालक पुरवते. जर्मनीने हीच कल्पना उचलली. तेथील पहिली ‘ब्युर्गरबस’, नागरिकांची बस, १९८५ मध्ये नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातील हीक आणि लेगडेन या गावांदरम्यान सुरू झाली. नागरिकांनीच नागरिकांसाठी गाडी चालवायची, हे तिचे घोषवाक्य. पुढे त्या राज्याने गाडी खरेदीला मदत देण्याचे धोरण आखले आणि अशा संघटना अन्य भागांतही पसरल्या.

हे सारे गोडच आहे असे मात्र नाही. २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा नेदरलँड्समधील शेजारबसेस थांबवाव्या लागल्या. चालक बहुतांशी साठीपुढचे, गाडी लहान, अंतर राखायला जागा नाही. पगारी चालकांच्या बस धावत राहिल्या आणि बिनपगारी चालकांच्या थांबल्या. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. २०१० नंतर इंग्लंडमधील परिषदांनी काटकसरीपायी बसचे अनुदान कापले आणि ‘गावांनी आपली व्यवस्था पाहावी’ असा सूर निघू लागला. जो गाव निवृत्त, सुस्थित, मोटार चालवणाऱ्या लोकांनी भरलेला आहे, त्याला हे जमते. जेथे दारिद्र्य अधिक, तेथे बसची गरजही अधिक आणि फुकट तास देऊ शकणारी माणसेही कमी. स्वयंसेवा ही सरकारच्या जागी उभी केली, की ती नेमकी चुकीच्या गावांत फुलते. प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप मान्य आहे.

कोवलमचा थांबा

आपल्या देशात परतताना प्रथम दुसरे टोक पाहू, म्हणजे चालकाचा तास सर्वस्वी सरकारने दिला तर काय होते ते. त्यासाठी कोवलमला जाऊ. मराठी पर्यटकाला कोवलम म्हटले की केरळ आठवते, पण आपण म्हणतो ते कोवलम तमिळनाडूत आहे. चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, मुट्टुकाडूच्या खाडीपलीकडे, समुद्राला लागून असलेले हे कोळ्यांचे गाव. पूर्व किनारा मार्गाने महाबलीपुरमला जाणाऱ्यांच्या वाटेवर ते लागते. गाव आता चेंगलपट्टू जिल्ह्यात आहे, पण चेन्नईच्या महानगर परिवहन महामंडळाच्या बस तेथवर येतात. शहराची बस मच्छीमारांच्या वस्तीपर्यंत पोचली आहे, आणि तिच्या चालकाला पगार मिळतो.

तमिळनाडूने १९७२ पासून खासगी बसचे मोठ्या प्रमाणावर राष्ट्रीयीकरण केले. त्यातूनच चेन्नईत पल्लवन परिवहन महामंडळ जन्माला आले. पुढे १९९७ मध्ये जेथे मोठी बस जात नाही अशा खेड्यांसाठी खासगी मिनीबसची योजना आली. जून २०२५ मध्ये तिची नवी आवृत्ती तंजावरहून, होय, सरफोजीराजांच्या तंजावरहूनच, सुरू करण्यात आली. मार्गाचा मोठा भाग आजवर बस न पाहिलेल्या रस्त्यांवरचा असावा, अशी तिची अट आहे. आणि ८ मे २०२१ पासून राज्याच्या साध्या बसमधून स्त्रियांना तिकीट पडत नाही. ती रक्कम शासन महामंडळांना भरून देते.

किनाऱ्यावरच्या बायकांच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पहाटे होड्या लागल्या की मासळी विकत घेऊन ती पाटीत भरून वस्त्या-वस्त्यांत नेणे हा त्यांचा व्यवसाय. नफा पाटीमागे थोडा आणि त्यातलेच भाडे. ते वाचले तर तो सरळ हातात राहतो. पण केवळ तिकीट माफ करून प्रश्न सुटत नाही, याचाही दाखला याच राज्यात मिळाला. डिसेंबर २०२१ मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यातील कुळच्चल येथे मासळी विकून परतणाऱ्या एका वृद्धेला वास येतो म्हणून बसमधून उतरवण्यात आले. तिने स्थानकातच उभे राहून जाब विचारला, ते चित्रण राज्यभर पोचले आणि संबंधित कर्मचारी निलंबित झाले. मुक्कामी गाडीतला वाहक गावातल्या प्रत्येक पाटीची मालकीण नावाने ओळखतो. हजारो गाड्यांच्या व्यवस्थेत ही ओळख कशी राखायची, याचे उत्तर कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

तिसरी एक वाट कर्नाटकाने दाखवली. मलनाडच्या डोंगराळ भागात, चिक्कमगळूरु जिल्ह्यातील कोप्पा येथे, एका खासगी बस कंपनीत मालक-कामगार वाद होऊन गाड्या थांबल्या, तेव्हा १९९१ मध्ये कामगारांनीच सहकारी संस्था स्थापून बस चालवायला घेतल्या. चालक, वाहक आणि यंत्रकामगार हेच संस्थेचे सभासद. कॉफीच्या मळ्यांतून, घाटवाटांतून ‘सहकार सारिगे’च्या गाड्या जवळजवळ तीन दशके धावल्या. सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या महाराष्ट्राला साखर, दूध, सूत आणि पतपेढी सुचली, पण आडमार्गाची बस सहकारात चालवावी असे फारसे सुचले नाही, याचे नवल वाटते. अर्थात कोप्पाची कथा सुखान्त नाही. वाढता खर्च आणि घटते उत्पन्न यांच्या कात्रीत सापडून २०२० च्या आरंभी त्या गाड्या थांबल्या. येथे चालकाचा तास फुकट नव्हता. तो चालकाच्याच मालकीचा होता, आणि तरीही भारमानाचे गणित त्याला चुकवता आले नाही.

मग इंग्लंडसारखी स्वयंसेवकांची बस आपल्या खेड्यांत का नाही? कायदा हे एक कारण. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे प्रत्येक प्रवाशाकडून स्वतंत्र भाडे घेऊन सहांहून अधिक प्रवासी नेणारी गाडी ही टप्पा वाहतूक ठरते आणि तिला परवाना लागतो. खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडे घेऊन माणसे नेली आणि अपघात झाला, तर विम्याचा प्रश्न उभा राहतो. ब्रिटनच्या बाविसाव्या कलमासारखी, नफा न घेणाऱ्या गावसंस्थेसाठी खास वाट आपल्या कायद्यात नाही. पण कायद्यापेक्षाही मोठे कारण वेगळे आहे. आपल्या खेड्यात गाडी चालवता येणे हे पोटापाण्याचे कौशल्य आहे. ज्याला चालवता येते तो चालवून कमावतो. तो वडाप चालवतो, काळी-पिवळी चालवतो, ट्रॅक्टर चालवतो. त्याच्याकडे फुकट तास मागणे म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी मागणे.

वडापाचा उल्लेख आला म्हणून सांगावेसे वाटते. वडाप ही सेवा नाही असे कोण म्हणेल? अनेक गावांची ती जीवनवाहिनी आहे. पण वडाप भरल्याशिवाय हलत नाही. बाजारच्या दिवशी ते दर पंधरा मिनिटांनी मिळते, आणि सकाळी सातला दहावीच्या सहा मुलींना शाळेत जायचे असते तेव्हा ते मिळत नाही. मिळाले तरी पाठीमागच्या बाकावर चौघांच्या जागी सात जण कोंबून बसायला त्या मुलींचे वडील तयार नसतात. मुलीचे शिक्षण आठवीनंतर थांबते तेव्हा कागदावर कारण ‘घरची अडचण’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात पुष्कळदा ती अडचण सात किलोमीटर लांबीची असते.

शासनाला हे उमगले, तेव्हा मुलींना मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आली. २०११ नंतर मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांत, प्रत्येकी पाच या हिशेबाने, मुलींच्या शाळेसाठी निळ्या बस देण्यात आल्या. १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एसटीचे भाडे निम्मे झाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर त्याच्या आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून प्रवास मोफत आहे. सवलत आणि फेरी या मात्र दोन निराळ्या गोष्टी. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. करोनानंतर शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. पास दप्तरात होता आणि गाडी नव्हती. त्या महिन्यांत ज्या मुलींनी शाळा सोडली, त्यांतल्या किती परत आल्या, हे त्या-त्या शाळेच्या हजेरीपटावरच वाचावे लागेल. संपकऱ्यांची बाजूही विसरता येणार नाही. आडगावी मुक्काम करणाऱ्या, डासांत झोपणाऱ्या त्या दोघांचे वेतन हाच तर त्या वेळचा मूळ विषय होता.

चालकाचा तास विकत घेऊन तो गावाला दान करणारेही कोणी भेटते. राजस्थानात कोटपुतळी परिसरातील एका डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी आपल्या भविष्य निर्वाह निधीतील रक्कम काढून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींसाठी बस घेतली. वाटेत होणारा त्रास आणि बसअभावी बुडणारे वर्ग ही व्यथा मुलींकडूनच त्यांच्या कानी आली होती. बस मोफत, चालक पगारी. भविष्य निर्वाह निधीच्या अर्जात ‘रक्कम काढण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. घरबांधणी, लग्न, आजारपण यांच्या नोंदी तेथे आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. गावच्या मुलींची बस हे कारण विरळा.

तेव्हा आपल्याकडील गाव वेळेऐवजी दुसरे काही देतो, आणि ते मुक्कामी गाडीत दिसते. तो चालकाची जागा घेत नाही, चालकाला जागा देतो. आज तीही अनेक ठिकाणी उणावत आहे. मुक्कामाच्या खोलीला कडी नाही, शौचालय नाही, पाण्याची टाकी कोरडी, हिवाळ्यात पांघरूण नाही, अशा तक्रारी कर्मचारी करतात आणि त्या रास्त आहेत. काही आगारांत वाहक स्त्रिया आहेत. त्यांना देवळाच्या ओवरीत झोपा असे कोणीही सांगू शकणार नाही. पूर्वी जे पाटलाच्या घरच्या आदरातिथ्यावर भागत असे, ते आता ग्रामपंचायतीच्या ठरावावर आणि चौदा बाय दहाच्या एका स्वच्छ खोलीवर येऊन ठेपले आहे.

ज्या गावाला बंद पडलेली मुक्कामी फेरी पुन्हा हवी असेल, त्याने काम तेथूनच सुरू करावे. ग्रामसभेत ठराव घ्यावा, खोलीला दिवा, पंखा, दोन खाटा आणि आतून लागणारी कडी असावी, शौचालय शेजारी असावे. सकाळी कोण-कोण जाते याची खरीखुरी यादी करावी. शाळेच्या मुली किती, मजूर किती, दूधवाले किती, हे मुख्याध्यापकांच्या सहीसह दिले तर आगार व्यवस्थापकाला भारमानाचा अंदाज येतो. रस्ता बससाठी योग्य आहे का, हे महामंडळ पाहतेच. पण गावाने एक गोष्ट आधी स्वतः मोजून घ्यावी. मोठी बस एका झोकात वळायला प्रशस्त मोकळी जागा लागते. बहुतेक गावांत ती जागा पाराजवळ असते, आणि तेथे गेल्या काही वर्षांत कोणाची तरी टपरी उभी राहिलेली असते. ती दहा हात सरकवण्याची बोलणी सरपंचांनी अर्ज नेऊन देण्याच्या आधी पुरी करावीत.